शिक्षकाचा हात

१८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत चित्रकला-शिक्षकांसाठीं स्वतंत्र शिक्षणक्रम १८९३ मध्यें सुरू झाला. अशा शिक्षणांत दोन विद्या साधावयाच्या असतात: स्वतः रेखाटणें आणि दुसऱ्यास रेखाटूं देणें. मुलाची चुकलेली रेषा शिक्षकानें आपल्या हातानें सुधारली, तर चित्र सुबक होतें; पण मुलाची पाहण्याची संधि हिरावली जाते. हें साहाय्य म्हणावें कीं अपहरण? त्यानें मुलाला पुन्हां वस्तूकडे पाहावयास लावावें आणि आपला हात आवरावा. मग शिक्षकानें चित्रकला शिकावीच कशाला, असें कोणी विचारील. परंतु नजर कोठें चुकली, हें जाणत्यालाच कळतें. शिवाय, ज्याला रेषा काढतां येते त्याचेंच थांबणें संयम ठरतें. इतरांची ती निव्वळ असमर्थता होय.