चोरीचा आळ

पहाटे शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघालं, की रस्त्याकडेच्या गोठ्यांत दिवे लागलेले दिसतात. धारेची वेळ. एखाद्या गोठ्यातून वैतागलेला आवाज येतो, "आज हिनं पान्हा चोरला!" आणि पाठोपाठ काठीचा आवाज.

हा आळ मला पटत नाही. कासेतलं बहुतेक दूध, जवळजवळ ८० टक्के, बारीक बारीक दूधपिशव्यांत अडकलेलं असतं. नुसतं पिळून ते उतरत नाही. वासराने ढुशा दिल्या, कोमट पाण्याने कास धुतली, ओळखीचा हात सडांवरून फिरला, आंबोणाच्या पाटीचा आवाज जरी कानी पडला, तरी मेंदूकडून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सुटतं. मिनिटभरात ते कासेत पोहोचतं, पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात आणि सड टरारतात. हाच पान्हा. त्याचा जोर जेमतेम पाच-सात मिनिटांचा, तेवढ्यात धार उरकायची.

१९४१ साली अमेरिकेत एली आणि पीटरसन या संशोधकांनी अर्ध्या कासेचे मज्जातंतू तोडून पाहिले, तरी पान्हा दोन्ही बाजूंना सारखाच आला. म्हणजे सांगावा रक्तातून येतो. मग त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं, कागदी पिशव्या फोडल्या. दूध अडलं! भेदरलेल्या जनावराच्या अंगात ॲड्रेनलिन चढतं आणि ते पान्हा रोखून धरतं. गाय चोरत नाही हो, ती भ्यालेली असते. त्यात काठी बसली की भीती वाढते, दूध आणखी अडतं. वरचेवर दूध कासेतच राहू लागलं, की नवं दूध तयार होणंही मंदावतं.

काही जण मग ऑक्सिटोसिनची सुई टोचतात. तिने दूध वाढत नाही, कासेत आहे तेवढंच उतरतं. रोज टोचत गेलं, की गाय सुईशिवाय पान्हवेनाशी होते. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ नुसार गुन्हा आहे. त्याला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गोठ्यात राबणाऱ्या दादा-ताईंनो, उद्या धारेला बसण्याआधी काठी बाहेर ठेवा, कुत्रं लांब बांधा, गाईला तिच्या नावाने हाक मारा आणि पाठीवरून हात फिरवून मगच कासेला हात लावा.