शेवळं ओळखणारी शेवटची पिढी?

जूनचा पहिला पाऊस पडला की ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत शेवळांच्या जुड्या दिसू लागतात. सुरणाच्या कुळातली ही रानभाजी. नुसती चिरून शिजवली तर घसा खाजून जीव नकोसा होतो. म्हणून विकणारी कातकरी किंवा वारली बाई जुडीबरोबर काकडंही ठेवते. ही हिरवी आंबट फळं ठेचून त्यांचा रस भाजीत घातला की खाज मरते. आतल्या दांड्याचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाका, हेही ती न विचारता सांगते. ही जोडी जमेपर्यंत किती पिढ्यांनी घसे खाजवून घेतले असतील!

आता तिची नात हे शिकते का? आश्रमशाळा जूनच्या मध्यावर उघडतात. रान शिकवायला लागतं, नेमकं तेव्हाच मूल वसतिगृहात जातं. त्याने शिकायलाच हवं, याबद्दल दुमत नाही. पण त्या शाळेत आजीला जे येतं त्याला कुठल्याच तासाला जागा नसते. कंदमुळं खाणं म्हणजे मागासलेपण, हे मात्र मूल कुणी न सांगताही शिकतं. आणि ज्याची लाज वाटते ते कुणी मन लावून आत्मसात करत नाही. जंगल तुटण्याइतकंच मला हे नुकसान मोठं वाटतं.

२००२च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या. काम मोलाचं आहे. पण कोंब कोवळा कोणता नि जून कोणता, हे वहीत वाचून कळत नाही; त्यासाठी जाणत्या माणसामागून रानात हिंडावं लागतं. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरतात, तोवर शेवळांचा हंगाम उलटलेला असतो.

आपण शहरातली माणसं कोळंबी घातलेली शेवळं मिटक्या मारत खातो आणि जुडीमागे पाच रुपयांसाठी विकणाऱ्या बाईशी घासाघीस करतो. भाजीचे पैसे देतो; तिला जे ठाऊक आहे, ते फुकटच घेतो.

आश्रमशाळेचे पहिले पंधरा दिवस काही तास रानात भरले पाहिजेत. ते त्या आजीनेच घ्यावेत, आणि तिला मानधन शहरातून येणाऱ्या पाहुण्या व्याख्यात्याइतकंच मिळावं.