दिग्व्रताच्या पलीकडे

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी दिग्व्रताविषयी आपण फार कमी बोलतो. अहिंसा, सत्य, परिग्रहपरिमाण यांवर प्रवचनं होतात. दिग्व्रत यादीत येतं आणि पुढे सरकतं. त्याचा अर्थ तसा साधा आहे. दाही दिशांना एकेक हद्द ठरवायची, इकडे अमुक नदी, तिकडे अमुक डोंगर, आणि जन्मभर तिच्या पलीकडे जायचं नाही. व्यापारासाठीही नाही, हौसेसाठीही नाही. आचार्यांनी यामागचं कारण फार सुंदर सांगितलंय. हद्दीच्या आत संसारी माणसाच्या हातून थोडीफार हिंसा होणारच. पण हद्दीबाहेरच्या सगळ्या जिवांना त्याच्याकडून अभय मिळतं. त्या प्रदेशापुरता तो घरात बसलेला श्रावक महाव्रती साधूसारखाच होतो.

हे वाचलं की मला नेहमी वाटतं, आपण बायका न ठरवताच दिग्व्रती आहोत. घर, बस्ती, बाजार, माहेर. आपल्याकडून लांबच्या कुणाला काय इजा होणार?

आता एका उंदराची गोष्ट सांगते. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामध्ये टॉरेस सामुद्रधुनी आहे. तिथे ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळरांगेच्या उत्तर टोकाला ब्रॅम्बल के नावाचं चिमुकलं बेट आहे. बेट कसलं, वाळूचा उंचवटाच तो. सगळ्यांत उंच जागा समुद्रापासून जेमतेम तीन मीटर. समुद्रपक्षी येतात, कासवं अंडी घालायला येतात. पण कायमचा राहणारा सस्तन प्राणी एकच होता, मेलोमिस नावाचा तपकिरी उंदीर. या जातीचा उंदीर जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. १९७८ मध्ये तिथे काहीशे उंदीर असावेत असा अंदाज होता. १९९८ मध्ये तो अंदाज शंभराच्या आत आला. २००९ मध्ये एका मासेमाराला तो शेवटचा दिसला. २०१४ मध्ये अभ्यासक तिथे पुन्हा गेले, उरलेले उंदीर पकडून सुरक्षित ठिकाणी वाढवावेत या तयारीनं. त्यांनी सापळे लावले, रात्री कॅमेरे ठेवले. एकही उंदीर मिळाला नाही.

झालं काय होतं? समुद्राची पातळी वाढली होती आणि वादळात खारं पाणी पुन्हा पुन्हा बेटावर चढत होतं. उंदीर ज्या झाडोऱ्यावर जगायचे तो जळून गेला. २००४ मध्ये तिथे सव्वापाच एकरांवर हिरवळ होती. मार्च २०१४ मध्ये उरली होती साडेसहा गुंठे. आपल्या हिशेबानं घराचे तीन प्लॉट! फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारनं ही जात नामशेष झाल्याचं जाहीर केलं. माणसानं घडवलेल्या हवामानबदलामुळे नाहीसा झालेला पहिला सस्तन प्राणी, अशी त्या उंदराची नोंद झाली.

कुणी म्हणेल, एक उंदीर गेला तर एवढं काय? पण हे आपण म्हणू शकत नाही. स्वयंपाकघरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीरसुद्धा आपण लांब शेतात सोडून येतो. तो पंचेंद्रिय जीव आहे हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. आपला प्रश्न वेगळा आहे. या उंदरांना कुणी विष घातलं नाही, कुणी त्यांच्यामागे मांजर सोडलं नाही. मग ही हिंसा झाली का? झाली असेल तर ती कुणी केली?

यावर एक उत्तर आपल्याच शास्त्रातून देता येतं, आणि स्वाध्यायात ते हमखास येतं. हिंसा भावात असते. ईर्यासमिती पाळून, चार हात पुढची जमीन बघत चालणाऱ्या मुनींच्या पायाखाली अचानक एखादा किडा आला, तर त्यांना त्या हिंसेचा बंध होत नाही. मग आपण कुठे कुणाला मारायचं ठरवलं होतं? दिवा लावला, गाडी चालवली, गॅस पेटवला. उंदीर मनातही नव्हता.

हे उत्तर मला पटत नाही. मुनींना सूट मिळते ती त्यांनी नीट पाहिलं म्हणून. न पाहिल्याबद्दल सूट मिळत नसते. उलट, न बघता चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव आला नाही तरी त्याला दोष लागतो, असं आपले आचार्य सांगतात. उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला पुढे ठेवलंय ते याचसाठी. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, बेफिकिरी. आपल्या आज्यांना कोळशाचा धूर आणि समुद्राची पातळी यांचा संबंध माहीत नव्हता, त्यांना काय बोल लावणार? आपल्याला तो माहीत झालाय. कळल्यानंतर मान वळवली की तो प्रमाद.

या उंदराच्या गोष्टीत सरकारी प्रमादही आहे. त्याला वाचवण्यासाठी २००८ मध्ये एक योजना लिहिली गेली होती. योजनेच्या काळात हवामानबदलाचा फार परिणाम होणार नाही, असं तिच्यात गृहीत धरलं होतं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. सावध मात्र कुणी नव्हतं.

पाणी गाळण्याची आपली रीत आठवा. गाळून झालं की काम संपत नाही. कापडावर राहिलेले जीव ज्या विहिरीचं पाणी असेल त्याच विहिरीत हळूच परत सोडायचे. दुसऱ्या पाण्यात ते जगणार नाहीत. नुसतं न मारणं पुरत नाही, ज्याचं पाणी त्याला द्यावं लागतं, हे आपल्या बायकांच्या हातांना शेकडो वर्षं ठाऊक आहे. हवामान बदलतं तेव्हा नेमकं हेच बिघडतं. प्राणी जागच्या जागी असतो आणि त्याचं पाणी, त्याची थंडी, त्याचं बर्फ पालटतं.

अमेरिकेच्या डोंगरांत पिका नावाचा सशाच्या कुळातला एक छोटा प्राणी दगडांच्या खाचांत राहतो. उन्हाळाभर गवत वाळवून तो हिवाळ्याची बेगमी करतो, आपल्या उन्हाळी वाळवणासारखी. त्याला उष्मा सोसत नाही. खालचे डोंगर तापले तसा काही ठिकाणांहून तो नाहीसा झालाय. वर सरकावं तर डोंगराला शेवटी माथा असतो. तिथलाच एक ससा हिवाळ्यात पांढरा होतो. रंग कधी बदलायचा हे त्याला दिवसाच्या लांबीवरून कळतं. त्याची तिथी चुकत नाही. पण बर्फ आता उशिरा पडतं नि लवकर वितळतं. मग तपकिरी मातीवर पांढराशुभ्र ससा शिकाऱ्या प्राण्याला लांबूनच दिसतो. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात केर्न्सच्या बाजूला पारा ४२ अंशांवर गेला, तेव्हा दोनच दिवसांत सुमारे २३ हजार वटवाघळं झाडांवरून मरून पडली.

एकाच पत्त्यावर राहणारे असे जीव आपल्याही जवळ आहेत. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहे. रॉटन यांच्या नावानं ओळखलं जाणारं वटवाघूळ जगात फक्त याच गुहेत राहतं, असं कितीतरी वर्षं मानलं जायचं. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. तरी ज्याची घरं बोटांवर मोजता येतात, त्याचं एक घर गेलं तर किती गेलं, हे सांगायला नको.

आता पुन्हा व्रताकडे येते. दिग्व्रताच्या आत आणखी छोटी हद्द घालतो ते देशव्रत. त्याचे पाच अतिचार सांगितलेत. आपण स्वतः हद्द ओलांडली नाही तरी व्रताला डाग कसा लागतो, ते त्यांतून कळतं. बाहेरची वस्तू मागवून घेणं, तो आनयन. दुसऱ्याला बाहेर पाठवणं, तो प्रेष्यप्रयोग. आवाज देऊन किंवा स्वतःला दाखवून बाहेरच्याकडून काम करून घेणं, हे आणखी दोन. आणि पाचवा पुद्गलक्षेप, हद्दीबाहेर खडा-माती असं काही फेकणं. पूर्वी मला हा पाचवा जरा पोरकट वाटायचा. घरात बसून कोण बाहेर ढेकळं फेकणार? आता वाटतं, धूर पुद्गलच आहे. आपण तो रोज फेकतो आणि तो टॉरेस सामुद्रधुनीपर्यंत पोचतो. मोबाइलवर बोट टेकवून दारात येणारा खोका, तो आनयन. पाय घरात राहतील आणि हात लांब पोचतील, हे आचार्यांना ठाऊक होतं. हवामानाचा प्रश्न आपल्या धर्माला नवा नाही. आपण अतिचारांची ओळ पाठ केली, पण आपल्या घराला लावून पाहिली नाही.

यावर दोन शंका येतात, आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली, आपला वाटा तो केवढा? भारतातल्या माणसामागे निघणारा कार्बन डायऑक्साइड जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि चाळीत राहणाऱ्या बाईचा वाटा तर त्याहून लहान. मान्य. तिला उपदेश करायला मी बसलेली नाही. पण आपल्या समाजात सगळेच चाळीत राहत नाहीत. पंचकल्याणकाला आठ-आठ दिवस जनरेटर धडधडतात, कुठे कुठे हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी होते. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून घाई करणारं लग्न रात्री बारापर्यंत हजार दिव्यांत उजळलेलं असतं. कांदा ताटात येऊ नये म्हणून जागरूक असणाऱ्या आपण, हे कुणी मोजायचं?

दुसरी शंका, मी एकीनं एसी बंद ठेवला तर कुठला उंदीर वाचणार? कदाचित एकही नाही. पण पाणी गाळताना कधी आपण वाचलेले जीव मोजले नव्हते. शिवाय आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन दरवाजे सांगितलेत. घरातली वीज कमी करणं हा पहिला. बस्तीच्या ट्रस्टनं छतावर सौर पॅनेल बसवावेत, सोहळ्याचा थाट कमी करावा, असं सभेत उभं राहून म्हणणं हा दुसरा. कोळशाच्या नि जंगलतोडीच्या धोरणांना मुकाट मान न डोलावणं हा तिसरा. गप्प बसणं हीसुद्धा पुष्कळदा अनुमोदनाच असते. आणि तिसरा दरवाजा पहिल्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे.

चातुर्मासात आपण वहीत नियम लिहितो. अमुक रस सोडला, अमुक भाजी सोडली. त्याच पानावर यंदा एक रकाना आखता येईल: विजेची युनिटं, प्रवासाचे किलोमीटर, दारात आलेले खोके. आकडा ज्याचा त्यानं ठरवायचा, पण ठरवायचा. दिग्व्रताला नदी-डोंगरांची नावं लागायची, तशी ही आजची नावं.

दशलक्षण पर्व संपलं की आपण सगळ्या जिवांची क्षमा मागतो. त्या सगळ्यांत ब्रॅम्बल केचा उंदीरही येतो. त्याची क्षमा मागायला आता कुणी समोर राहिलेलं नाही. बारापेडेतलं वटवाघूळ अजून आहे.