सॉफ्टवेअर आत्मा नव्हे

हार्डवेअर म्हणजे देह आणि सॉफ्टवेअर म्हणजे आत्मा, असं आता प्रवचनांतही सर्रास ऐकू येतं. जुनी वस्त्रं टाकून नवी घालावीत तसा आत्मा देह बदलतो, ही गीतेतली उपमा मग आपसूक जोडली जाते. पण जुन्या कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना काय घडतं ते पाहिलं, तर ही सांगड मला मुळातच चुकीची वाटते. विंडोज ९५ सुरू होताना एक लूप ठरावीक वेळा फिरवते आणि त्याला लागलेल्या वेळावरून प्रोसेसरचा वेग जोखते. १९९८ मध्ये आलेल्या एएमडीच्या के६-२ प्रोसेसरवर, विशेषतः ३५० मेगाहर्ट्झपासून पुढे, तो लूप इतक्या झटकन संपायचा की लागलेला वेळ शून्य भरायचा. त्या शून्याने भागायची वेळ आली की पडद्यावर ‘विंडोज प्रोटेक्शन एरर’, आणि सगळं ठप्प. यंत्र धडधाकट, सिस्टीमही तीच. पण मंद प्रोसेसरचा काळ तिच्या अंगात मुरलेला होता.

ही तर प्रोग्रॅमरची चूक, तिच्यावरून सिद्धान्त कसला काढता, असा आक्षेप येईल. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिलीही. पण दुरुस्ती दिली म्हणजे सिस्टीमच बदलली, आणि आत्मा तर अविकारी. शिवाय लिनक्सच्या बाबतीत कुणाचीच चूक नव्हती. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ती ३८६ प्रोसेसरसाठी, त्याच्या खास सोयी वापरून लिहिली. पुढे ती नाना तऱ्हेच्या यंत्रांवर गेली, आणि २०१३ च्या ३.८ आवृत्तीत ३८६ लाच वगळलं गेलं, कारण त्या चिपच्या उणिवा भरून काढणारा कोड सांभाळणं डोईजड झालं होतं. जिथे जन्म झाला, त्याच देहात आता प्रवेश नाही!

एम्युलेटरचा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुनी सिस्टीम आजच्या लॅपटॉपवर चालते, मग ती देहावाचून जगलीच ना? नाही. ८६बॉक्ससारखा एम्युलेटर जुना प्रोसेसर, साउंड कार्ड, अगदी त्यांचा संथपणासुद्धा कोडमधून पुन्हा उभा करतो. देह टळत नाही, तो नव्याने घडवावा लागतो. सांख्यांनी अशा गोष्टीसाठी नेमकी जागा ठेवली आहे, ती लिंगदेहाची: संस्कार वाहणारा, एका स्थूल देहातून दुसऱ्यात जाणारा, तरीही प्रकृतीचाच, म्हणून जड. चित्राला जसा आधार लागतो तसा लिंगालाही लागतो, असं ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका सांगते. ऑपरेटिंग सिस्टीम तिथेच बसते. पुरुषाची, म्हणजे आत्म्याची, जागा तिला देता येत नाही, कारण सांख्यांचा पुरुष काही करत नाही आणि बदलतही नाही. ही मात्र कामासाठीच लिहिलेली, आणि यंत्र बदललं की तिलाही बदलावं लागतं.