उष्टं पाणी

मागच्या बैठकीत आपल्यातला एक पोरगा ताडकन बोलला, "शहरानं हगायचं आणि त्या पाण्यावरची भाजी आपण खायची? बाबासाहेबांनी महाडला उष्टं सोडा म्हणून सांगितलं. हे वेगळं काय आहे?" मला उत्तर सुचलं नाही. रात्रपाळी होती. रोलिंग मिलमध्ये लालभडक सळई समोरून पळत राहिली, आणि प्रश्न डोक्यात तसाच.

मी चिखलीत राहतो. इंद्रायणी इथनं हाकेच्या अंतरावर. आंद्रा धरणाचं पाणी पिण्याजोगं करणारं केंद्र इथंच, मैलापाणी शुद्ध करणारं केंद्रही इथंच. इंद्रायणी पुढं आळंदीवरून तुळापूरला भीमेत जाते, भीमा उजनीत. म्हणजे आमच्या मोरीतलं पाणी सोलापूरच्या कोरड्या रानापर्यंत आजही जातंच आहे. कुणी परवानगी मागितलेली नाही. ते साफ होऊन जातं का तसंच, एवढाच फरक.

साफ कसं होतं? जाळीवर चिंध्या-प्लास्टिक अडतं, वाळू तळाला बसते, हवा फुंकलेल्या टाकीत जिवाणू घाण खातात, गाळ खाली बसतो, शेवटी क्लोरीन. नत्र-स्फुरद थोडं उरतं, ते पिकाला खतच. पण प्लेटिंगच्या शॉपातलं क्रोमियम, निकेल जिवाणूंना पचत नाही. ते गाळात नाहीतर पाण्यात राहतं, मग मातीत, मग पालेभाजीत. म्हणून कारखान्याचं पाणी घरच्या मैल्यात सोडणारा माणूस माझ्या लेखी चोर आहे.

आणि 'शुद्ध' हा शब्द मला नुसता चालत नाही. 1927 ला आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली, तेव्हा सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याचे 108 घडे ओतून तळं शुद्ध केलं! ते घडे कुठल्या लॅबनं तपासले होते? मला आकडा पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं 1989 ला आकडा दिला होता : कच्च्या खायच्या पिकाला द्यायच्या पाण्यात 100 मिलिलिटरमागं मैल्यातले जिवाणू हजारावर नकोत, आणि लिटरमागं जंताचं अंडं एकापेक्षा जास्त नको. कोथिंबीर, काकडीला हे लागू. कापसाचं गणित निराळं.

आता उष्ट्याचं. माझी आजी वाड्यावर भाकरी मागायला जायची. वरनं पदरात टाकायचे. शिळी आहे का, बुरशी आलीय का, हे विचारायची तिला सोय नव्हती. विचारलं तर उद्याची बंद. माझ्या मते उष्टं ते हे. दुसऱ्यानं आधी वापरलं म्हणून पाणी उष्टं होत नाही, तसं म्हटलं तर जगातलं सगळंच पाणी कुणीतरी वापरलेलं आहे. घेणाऱ्याला विचारता येत नाही, नको म्हणता येत नाही, तिथं ते उष्टं होतं.

पुण्याचं बघा. खडकवासल्याचं धरणातलं पाणी शहर पितं, आणि वापरलेलं पाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून जुन्या कालव्यात, लोक त्याला बेबी कालवा म्हणतात, शेतीला सोडायचं ठरलं. वर्षाला साडेसहा टीएमसी. अदलाबदल न्यायाची असू शकते, मी नाही म्हणत नाही. कोरड्या तालुक्यात बारमाही पाणी म्हणजे काय, ते ऊसतोडीला गेलेल्याला विचारा. पण करार धरण, शहर आणि बागायतदार यांच्यात होतो. पाण्यात उभं कोण राहतं?

माझी मावशी. दौंडकडं एका ओढ्यावर मोटर टाकलेल्या रानात ती मेथी काढते, अनवाणी. मालक बांधावर. जंताचं अंडं मेथी खाणाऱ्याच्या आधी तिच्या नखात शिरतं. गमबूट, हातमोजे कुणाच्या हिशेबात नाहीत. आणि वरच्या टोकाला गटारात उतरणारा आपलाच माणूस. 2013 चा कायदा आहे, तरी 2023 ला सुप्रीम कोर्टाला त्याच्या मरणाची भरपाई 10 वरून 30 लाख करावी लागली. म्हणजे तो अजून उतरतोच.

तेव्हा त्या पोराला माझं उत्तर : पाणी नाकारू नको, हिशेब माग. दर महिन्याचा आकडा कालव्यावर फळ्यावर लिहिलेला, मराठीत, मजूर बाईला कळेल असा. आकडा वाईट असेल त्या दिवशी रानात न जायचा हक्क, रोज न बुडता. हे दुसरं मिळवणं महाकठीण, मला ठाऊक आहे.

रविवारी मावशीकडं चाललोय. तिला फोनवर म्हटलं, पाणी तपासायला देऊ. ती म्हणाली, "बाटली कुठली भरू रं? बिसलेरीची चालंल का?" म्हटलं नको, जंतू मारलेली बाटली लॅबमधनंच आणतो. तर म्हणाली, "मालकाला सांगायचं का आधी?"

त्यावर अजून मी काही बोललेलो नाही.