अब्रू आणि अनामिकता

दारूने ग्रासलेल्या घरात एक गुपित बाळगले जाते, आणि ते बाळगण्याचे श्रम बहुधा न पिणाऱ्यांच्या वाट्याला येतात. नवरा कामावर का गेला नाही, रविवारी मिस्साला का दिसला नाही, याची उत्तरे पत्नी तयार ठेवते. मुलेही ती पाठ करतात. वास्तविक लालबाग-परळच्या चाळींत किंवा गिरगावच्या वाड्यांत एका खोलीतील आवाज दुसऱ्या खोलीत सहज पोहोचतो. ज्यांच्यापासून लपवायचे त्यांना सारे ठाऊक असते. तरीही कोणी बोलत नाही. शेजारी याला सभ्यता म्हणतात, घरचे अब्रू म्हणतात. हे मौन नेमके कोणाचे रक्षण करते?

अब्रूची चिंता पोकळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. बोभाटा झाला तर मुलीच्या लग्नात, मुलाच्या नोकरीत अडथळे येतात. घरातील दुःख उघड करा, असा उपदेश करणे सोपे असते, कारण त्याची किंमत उपदेशकाला मोजावी लागत नाही. परंतु बंद दार आणि चव्हाटा यांच्यामध्ये तिसरी एक जागा आहे, आणि ती शोधता येते.

मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल नावाचा एक दलाल कामानिमित्त अमेरिकेतील ॲक्रन या शहरात आला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती. हाती घेतलेले काम फसले आणि हॉटेलातील मद्यालय त्याला खुणावू लागले. तेथेच लावलेल्या चर्चच्या यादीतून एक नाव निवडून त्याने एका धर्मोपदेशकाला फोन केला. त्या धाग्यावरून तो डॉ. बॉब या दुसऱ्या मद्यपी गृहस्थापर्यंत पोहोचला. उपदेश कोणीच केला नाही. एका पीडिताने दुसऱ्याला आपली कहाणी सांगितली. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना जन्माला आली. पुढे इतर रुग्णालये मद्यपींना दारात उभे करीत नसत, तेव्हा १९३९ पासून सिस्टर इग्नेशिया यांनी ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्यासाठी खाटा मिळवून दिल्या. १९५७ साली ही चळवळ मुंबईत आली. आज शहरातील कित्येक शाळांच्या वर्गांत आणि चर्चच्या सभागृहांत तिच्या सभा भरतात. शुल्क नसते, दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेल्या कृपा फाउंडेशननेही याच बारा पायऱ्यांचा आधार घेतला.

आपल्या कुटुंबांत मात्र वाद अडतो तो निराळ्याच ठिकाणी : हे पाप की आजार? अमेरिकन वैद्यक संघटनेने १९५६ मध्ये त्याला आजार मानले. ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ मद्याच्या अतिरेकाला दोष देतो. पण सवय, भीती, अनावर आसक्ती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असेही सांगतो. संत मार्कच्या शुभवर्तमानातील पक्षघाती मनुष्याला प्रभूने प्रथम पापक्षमा दिली आणि मग चालायला सांगितले. त्याच्यापाशी या दोन गोष्टी परस्परांच्या आड आल्या नाहीत. आमच्या मते आजारी पडल्याचा दोष माणसाला देता येत नाही. उपचाराकडे जाण्याची जबाबदारी मात्र त्याच्याकडे उरते. त्यासाठी वैद्यही हवा, कारण खूप पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडणे जिवावर बेतू शकते.

दादरचा एखादा गृहस्थ आपल्या धर्मग्रामातील सभा टाळून गिरगावच्या सभेला जातो, तेव्हा तो भित्रा ठरतो काय? आम्हांला तसे वाटत नाही. गुपित आणि अनामिकता बाहेरून सारखी दिसली, तरी त्यांची कामे उलट आहेत. गुपित माणसाला खरे बोलू देत नाही. अनामिकता त्याला खरे बोलता यावे म्हणूनच असते. पापनिवेदनाच्या पडद्याचा अर्थ आपण जाणतोच. सभेत मात्र ऐकणारे स्वतः त्याच वाटेने आलेले असतात, म्हणून तेथे सबबी चालत नाहीत. पती येत नसेल तर पत्नीनेही थांबू नये. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल-अनॉन नावाचे स्वतंत्र गट आहेत; त्याने दारू सोडण्याची वाट न पाहता तिला तेथे आधार मिळू शकतो.

मग धर्मग्रामाचे कर्तव्य कोणते? मिस्साच्या वेळांच्या फलकावर जवळच्या सभेचा वार, वेळ आणि दूरध्वनी क्रमांक लिहावा. तो कोण टिपून घेतो हे पाहत उभे राहू नये. बारशाला-लग्नाला ग्लास नाकारणाऱ्याला कारण विचारू नये. सभेतून परतलेला माणूस पुन्हा घसरला, तर त्याची चर्चा करण्याऐवजी पुढच्या सभेला त्याच्यासोबत दारापर्यंत जावे.

त्या पक्षघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणले, पण दार अडलेले असल्यामुळे त्यांना छप्पर उघडावे लागले. दार अडवणारे लोक दुष्ट नव्हते. ते प्रभूचे वचन ऐकायलाच आलेले होते; आपल्या पाठीमागे कोण खोळंबले आहे, याकडे मात्र त्यांचे लक्ष नव्हते.