गाठ कुणाशी?

भवानीनगरच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होतो. शेजारी बसलेली दहावीतली मुलगी इंग्रजीची वही पाठ करत होती : 'कम अप अगेन्स्ट' म्हणजे अडचणींना तोंड देणे. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर छत्रपती कारखान्याकडे चालला होता. मला तो अर्थ खटकला.

तोंड देणं ही पुढची गोष्ट. त्यात धीर आहे, थोडी शाबासकीही. त्यासाठी इंग्रजीत 'फेस अप टू' आहे, आणि गंमत म्हणजे तिथेही तोंडच आहे. 'कम अप अगेन्स्ट'मध्ये माणूस आपल्या वाटेनं जाताना पुढ्यात काहीतरी लागतं, एवढंच. तो तोंड देईल की पाठ फिरवील, ते त्या क्रियापदाला ठाऊक नसतं.

मराठीत अडचण स्वतः चालून येते, माणूस जागच्या जागी. आमच्या भागात तर सगळं येतं किंवा येत नाही. नीरा डाव्या कालव्याची पाळी आली नाही, तोड आली नाही, बिल आलं नाही. आडसाली ऊस 16 ते 18 महिने सांभाळायचा, आणि तोड लांबली की येतात ते तुरे! ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो; तरी त्यासाठी राज्यात कुठे ना कुठे आंदोलन होतंच.

इंग्रजी वाक्यात हाच शेतकरी कर्ता होतो. तो चालत गेला आणि अडथळ्यावर आदळला. व्याकरणापुरती का होईना, त्याच्या पायांची दखल घेतली जाते. पण म्हणून आपलं वाक्य दुबळं, असं मी म्हणणार नाही. 'आदळलो' म्हणणाऱ्याला लोक विचारतात, बघून चालता येत नव्हतं? 'अडचण आली' म्हणणाऱ्याला कुणी तसं विचारत नाही.

नेमका शब्द आपल्या बांधावरच आहे. "गाठ माझ्याशी आहे!" सामन्यात तगड्या संघाशी गाठ पडते, कचेरीत नियमाशी पडते, इंग्रजी क्रियापदही या दोन्ही ठिकाणी चालतं. कोण कुणावर चालून आलं, याचा निवाडा त्यात नाही.

न राहवून मुलीला म्हटलं, "तोंड देणे खोड, गाठ पडणे लिही."

"काका, सरांनी हेच दिलंय. पेपरात हेच लिहायचं."

बारामतीची एसटी आली. वही मिटून ती चढली.